स्वतःचं ‘डॉट ब्रँड’ घ्यायचं की आहे ते डोमेन नीट बांधायचं? कोकणातल्या व्यावसायिकांसाठी टप्प्याटप्प्याने

‘तुमच्या बागेच्या नावाचं स्वतःचं एक्स्टेन्शन घ्या, मग कोणी नक्कल करूच शकणार नाही’ असं सांगणारे विक्रेते आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातही फिरू लागलेत. ऐकणारे दोन प्रकारे चुकतात. काही जण भलतीच वस्तू विकत घेतात. काही जण ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून विषय सोडून देतात आणि हातात असलेलं डोमेनही उघडं ठेवतात. हापूस विकणारे, होमस्टे चालवणारे, काजू-कोकमाचा प्रक्रिया उद्योग असलेले आणि किनाऱ्यावरच्या पतसंस्था अशा सगळ्यांसाठी हा क्रम लिहिला आहे. क्रम मोडू नका. बहुतेक नुकसान तिथेच होतं.

टप्पा १: विकत काय घेताय ते आधी ठरवा

पत्त्याच्या शेवटी डॉट कॉम, डॉट इन असतं, त्याला एक्स्टेन्शन किंवा टॉप-लेव्हल डोमेन म्हणतात. ‘आमचीबाग डॉट इन’ घेता तेव्हा तुम्ही वाशी मार्केटमध्ये एक गाळा भाड्याने घेता. ‘डॉट आमचीबाग’ असं स्वतःचं ‘डॉट ब्रँड’ घेणं म्हणजे अख्खं मार्केट यार्डच चालवायला घेणं. गाळे कोणाला द्यायचे ते तुम्ही ठरवणार, पण दिवे, रस्ते, सुरक्षारक्षक आणि वरची फीसुद्धा तुमच्याच माथी.

हे यार्ड आयकॅन ही जागतिक संस्था देते आणि तेही वाटेल तेव्हा नाही. आधीची मोठी फेरी २०१२ मध्ये झाली, तेव्हा १,९३० अर्ज आले होते. त्यानंतरच्या फेरीसाठी ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६ ही मुदत जाहीर झाली. या मुदतीबाहेर कोणी ‘लगेच करून देतो’ म्हणत असेल, तर तो दुसरंच काही विकतोय.

ते दुसरं काय असतं? एक तर कोणाच्या तरी डोमेनखालचं सबडोमेन, म्हणजे त्याच्या पत्त्याआधी जोडलेलं तुमचं नाव. नाहीतर ब्लॉकचेनवरचं नाव, जे गिऱ्हाइकाच्या साध्या फोनवर साध्या ब्राउझरमध्ये उघडतच नाही. पंचवीस-पन्नास हजारांत ‘आयुष्यभरासाठी तुमचं एक्स्टेन्शन’ अशी जाहिरात दिसली, तर ती या दोनांपैकी एक समजा.

*तपासणी:* आयाना या संस्थेची रूट झोनची, म्हणजे खरोखर अस्तित्वात असलेल्या सगळ्या एक्स्टेन्शनांची, यादी सगळ्यांसाठी खुली आहे. विक्रेत्याने आधी कोणाला ‘एक्स्टेन्शन’ दिलं असेल, तर त्याचं नाव विचारा आणि यादीत शोधा. यादीत नसेल तर इंटरनेटच्या लेखी ते एक्स्टेन्शन नाहीच.

टप्पा २: खर्च दहा वर्षांचा मांडा

इथे लोक अर्जाची फी पाहतात आणि थांबतात. २०१२ मध्ये ती १,८५,००० डॉलर होती. २०२६ च्या फेरीत ती २,२७,००० डॉलर आहे. म्हणजे नुसता अर्ज साधारण दोन कोटी रुपयांचा. त्यानंतर:

आयकॅनची वार्षिक स्थिर फी २५ हजार डॉलरच्या पुढे जाते. करार दहा वर्षांचा असतो, म्हणजे इथेच आणखी अडीच लाख डॉलर. अर्ज आणि ही फी मिळून चार कोटी रुपये ओलांडले, आणि अजून एकही पान सुरू झालेलं नाही.

तांत्रिक डोलारा वेगळा. रजिस्ट्री, म्हणजे एक्स्टेन्शनखालच्या सगळ्या नावांची नोंदवही, चालवायला मान्यताप्राप्त तांत्रिक सेवा पुरवठादार लागतो आणि तो दरवर्षी पैसे घेतो. नोंदींची प्रत तिसऱ्या संस्थेकडे सुरक्षित ठेवावी लागते. डीएनएससेक, म्हणजे पत्त्याच्या नोंदी मध्येच कोणी बदलल्या नाहीत हे तपासता येणारी डिजिटल सही, सक्तीचं असतं. अर्ज लिहायला सल्लागार, करार वाचायला वकील. तेच नाव दुसऱ्यानेही मागितलं किंवा कोणी हरकत घेतली, तर तो खर्च निराळा. शिवाय हे सगळं समजणारा, आयकॅनच्या पत्रांना वेळेत उत्तर देणारा एक माणूस कायमचा पगारावर. हा शेवटचा खर्च विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये कधीच नसतो.

फीमध्ये ७५ ते ८५ टक्के सवलत देणारी एक योजना होती, पण तिची मुदत २०२५ मध्येच संपली. ‘सवलतीत बसवतो’ असं आता कोणी म्हणालं तर विषय तिथेच मिटवा.

एवढा खर्च करून मिळवलेलं एक्स्टेन्शन मोठ्या कंपन्यांनीही सोडून दिलं आहे. मॅकडोनाल्ड्सने सोडलं, तशी इतरही अनेकांनी. अमुक पेट्यांमागे किती रुपये सुटतात हे बागायतदाराला मी सांगायला नको. माझ्या मते कोकणातल्या कोणत्याही एकट्या बागेने, हॉटेलने किंवा कारखान्याने या फंदात पडू नये. शेकडो शाखा असतील, नावावर रोज फसवणूक होत असेल आणि स्वतःचा आयटी विभाग असेल, तरच पुढचा हिशेब करायचा.

टप्पा ३: नाव तुमचं आहे का?

डॉट ब्रँडच्या करारासाठी त्या नावाचा *नोंदणीकृत* ट्रेडमार्क लागतो. अर्ज दाखल केलेला चालत नाही. त्या एक्स्टेन्शनखाली नावं घेऊ शकतात फक्त मालक, त्याच्या संलग्न कंपन्या आणि ट्रेडमार्कचे परवानाधारक.

कोकणात इथेच घोळ होतो. ‘हापूस’ हे कोणाचं खासगी नाव नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालेलं नाव ट्रेडमार्क म्हणून स्वतःपुरतं नोंदवायला भौगोलिक मानांकन कायद्याच्या कलम २५ ची आडकाठी आहे. वेंगुर्ल्याचा काजू, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम, अलिबागचा पांढरा कांदा यांचंही तेच. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव लावून घेणं आणि स्वतःचा ब्रँड नोंदवणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही करा. राज्यांच्या नावांसाठी तर आयकॅन सरकारचं संमतीपत्र मागते, म्हणून ‘डॉट गोवा’ कोणी खासगीत विकू शकत नाही.

डॉट ब्रँडचा विचार इथेच सोडलात तरी ट्रेडमार्क सोडू नका. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांसाठी ९,०००. ताजी फळं वर्ग ३१ मध्ये येतात, राहण्या-जेवण्याची सोय वर्ग ४३ मध्ये. आमरस डबाबंद करत असाल तर तो वर्ग निराळा. नोंदणी दहा वर्षांची असते. पुढे कोणी तुमच्या नावाचं डोमेन बळकावलं तर हाच कागद उपयोगी पडतो.

*सावध:* लघुउद्योगाची सवलत घेताना उद्यम नोंदणीवरचं नाव आणि ट्रेडमार्क अर्जावरचं नाव एकच असू द्या. बाग आजोबांच्या नावावर, उद्यम काकांच्या नावावर आणि अर्ज पुतण्याच्या नावावर ही आपल्याकडची नेहमीची त्रेधा.

टप्पा ४: सुरक्षितता नेमकी कुठे मिळते, कुठे नाही

खालचे तीन पत्ते वाचा:

आमचीबाग डॉट इन
आमचीबाग-ऑफर डॉट शॉप
आमचीबाग डॉट इन डॉट पेमेंट-तपासा डॉट टॉप

तिसऱ्यात सुरुवातीला तुमचा पत्ता जसाच्या तसा आहे, पण मालक ‘पेमेंट-तपासा डॉट टॉप’वाला आहे. पत्त्याचा मालक डावीकडून ठरत नाही. सुरुवातीच्या ‘://’ नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जायचं आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. गिऱ्हाईक तसं वाचत नाही, आणि फोनच्या अरुंद पट्टीत शेवटचा भाग दिसतही नाही.

डॉट ब्रँडचा खरा फायदा इथे आहे. शेवटचा शब्दच तुमचा असल्याने ‘आमच्या नावाने संपत नसेल तर ते आम्ही नाही’ एवढं एकच वाक्य गिऱ्हाइकाला सांगता येतं. बाहेरचा कोणी त्या एक्स्टेन्शनखाली नाव घेऊ शकत नाही. कोणा रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) कर्मचाऱ्याला फसवून नाव पळवण्याची वाट जवळपास बंद होते. पूर्ण एक्स्टेन्शनवर ब्राउझरकडून एचटीटीपीएसची (सांकेतिक, सुरक्षित जोडणीची) सक्ती करून घेता येते. डॉट अॅप आणि डॉट डेव्ह या एक्स्टेन्शनांवर गूगलने तेच केलं आहे.

काय थांबत नाही, तेही बघा. दुसऱ्या एक्स्टेन्शनवर तुमच्यासारखं नाव कोणीही घेऊ शकतो. खोटं इन्स्टाग्राम पान, नकाशावर बदललेला होमस्टेचा फोन नंबर, व्हॉट्सअॅपवर आलेला क्यूआर यांना डोमेनशी काही देणंघेणं नसतं. आणि हापूसच्या मोसमात फसवणूक याच वाटांनी होते.

बँकांचं उदाहरण बोलकं आहे. स्टेट बँकेने स्वतःचं ‘डॉट एसबीआय’ मिळवलं होतं. मग रिझर्व्ह बँकेने सगळ्याच बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं. ही नावं हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते आणि फक्त बँकांनाच देते. फायदा डॉट ब्रँडसारखाच, पण यार्ड सामाईक. अर्बन सहकारी बँकाही यात येतात.

*सावध:* पतसंस्था ही बँक नव्हे, तिला हे नाव मिळत नाही. पतसंस्थेच्या संचालकांना ‘बँक डॉट इनमध्ये बसवून देतो’ असं कोणी म्हणत असेल तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

टप्पा ५: आहे ते डोमेन बांधून घ्या

खरं काम हे. डॉट ब्रँडच्या फायद्यातला बराच मोठा वाटा इथे वर्षाला काही हजारांत मिळतो.

*५.१ मालकी.* वेबसाइट भाच्याने किंवा कोल्हापूर-पुण्याच्या डिझायनरने करून दिलेली असते आणि डोमेन त्याच्याच खात्यात पडलेलं असतं. डोमेनचा मालक दाखवणाऱ्या ‘हूइज’ शोधावर भरवसा ठेवू नका, तिथे हल्ली बरीच माहिती झाकलेली असते. रजिस्ट्रारच्या खात्यात प्रत्यक्ष लॉगिन करून तीन रकाने बघा: नोंदणीधारकाचं नाव, ईमेल, मोबाइल. नाव फर्मचं किंवा मालकाचं हवं. ईमेल त्याच डोमेनवरचा *नको*, कारण डोमेन बंद पडलं की पासवर्ड बदलायची मेलही येणार नाही. मोबाइल असा द्या, ज्याचं सिम पावसाळ्यात रिचार्जविना मरणार नाही.

डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असेल तर भांडण न करता, बिलाचे पैसे चुकते करून, लेखी मागा. रजिस्ट्रार तोच असेल तर खात्यातून खात्यात हलवणं मिनिटांचं काम आहे. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर ऑथ कोड, म्हणजे जुन्या रजिस्ट्रारकडून मिळणारा गुप्त संकेत, लागतो. डॉट कॉमसारख्या नावांना नव्या नोंदणीनंतर ६० दिवस आणि मालकाचं नाव बदलल्यावरही बहुधा तेवढेच दिवस हलता येत नाही. म्हणून आधी रजिस्ट्रार बदला, मग नाव बदला. लोक नेमकं उलटं करतात आणि दोन महिने अडकतात.

*५.२ वेळ.* आंबेवाल्यांनी हे सगळं जून ते ऑगस्टमध्ये उरकावं. गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात डीएनएसला, म्हणजे वेबसाइट आणि मेल कुठे वळवायची ते सांगणाऱ्या नोंदींना, हात लावू नका. मालवण-तारकर्लीच्या होमस्टे आणि स्कूबावाल्यांनाही पावसाळाच बरा, जलक्रीडा तेव्हा बंदच असतात. गणपतीत कोणाला फुरसत नसते, तेव्हा त्याआधी.

*५.३ कुलूप.* द्विस्तरीय पडताळणी चालू करा, शक्यतो एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अॅपवर. बॅकअप कोड कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलू न देणारं ट्रान्सफर लॉक लावा. ऑटो-रिन्यू लावा आणि कार्डाची मुदत बघा, कारण कार्ड संपलं की ऑटो-रिन्यू नुसतं नावाला उरतं. डोमेन एकदम दहा वर्षांपर्यंत भरता येतं. निदान तीन वर्षांचं भरा.

डॉट कॉम मुदतीत भरलं नाही तर रजिस्ट्रारच्या मर्जीवर काही दिवसांची सवलत मिळते. मग ३० दिवस दंड भरून परत मिळतं, मग ५ दिवसांनी ते बाजारात मोकळं. मोसमाच्या तोंडावर सुटलेली जुनी, नावाजलेली नावं उचलायला लोक टपलेलेच असतात.

*तपासणी:* पुढे जाण्याआधी घरातल्या दुसऱ्या एका माणसाला तुमच्या मदतीशिवाय खात्यात शिरून दाखवायला सांगा. जमलं नाही तर ५.१ पासून पुन्हा.

*५.४ डीएनएस.* आधी आहेत त्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या. नेमसर्व्हर (या नोंदी जिथे ठेवलेल्या असतात ते सर्व्हर) बदलताना एमएक्सची, म्हणजे मेल कुठे पोचवायची त्याची, नोंद नव्या जागी न्यायची राहते. वेबसाइट सुरळीत दिसते, मेल मात्र येत नाही आणि हे चार दिवसांनी कळतं. मग जुन्या नोंदी साफ करा. गेल्या मोसमात ‘ऑफर’ नावाचं सबडोमेन एखाद्या फुकट सेवेकडे वळवलं असेल आणि ती सेवा बंद केली असेल, तर तिथली रिकामी जागा दुसरा कोणीही घेऊ शकतो. पत्ता तुमचा, पान त्याचं. अशी नोंद दिसली की काढून टाका.

त्यानंतर डीएनएससेक. नेमसर्व्हर पक्के झाल्यावरच ते चालू करा. पुढे कधी नेमसर्व्हर बदलायचे झाले तर *आधी* रजिस्ट्रारकडची डीएस नोंद (डीएनएससेकच्या किल्लीची खूण) काढा, एक-दोन दिवस थांबा आणि मगच बदला. हा क्रम चुकला की पडताळणी करणाऱ्या नेटवर्कवरून तुमची साइट दिसेनाशी होते आणि तुमच्या फोनवर कदाचित दिसत राहते. दोष शोधणं फार जड जातं. एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेट कोणाकडून घेता ते सांगणारी सीएए नोंदही याच वेळी टाका.

*५.५ मेल.* बुकिंग फुकटच्या मेलवर घेत असाल तर तुमच्यासारखा दुसरा पत्ता कोणीही काढेल. डोमेनवरची मेल घ्या आणि या क्रमाने जा: एसपीएफ (तुमच्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरची यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासणीत नापास मेलचं काय करायचं त्याचं धोरण). एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. जुनी ठेवून दुसरी टाकली तर दोन्ही निकामी होतात. ही चूक सर्रास दिसते, कारण बिलिंग सॉफ्टवेअरवाला ‘ही ओळ टाका’ म्हणतो आणि आपण जुन्या ओळीत भर घालायची सोडून नवी ओळ टाकतो. डीमार्क सुरुवातीला फक्त अहवाल मागवणाऱ्या धोरणावर ठेवा. अहवालात आपल्या सगळ्या खऱ्या मेल पास होताना दिसल्या की ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका), मग ‘रिजेक्ट’ (नाकारा). पहिल्याच दिवशी रिजेक्ट लावलं तर निर्यातदाराला पाठवलेली तुमचीच पावती परत येईल.

मेल कधी पाठवतच नाही असं जादा डोमेन असेल, त्यावर मात्र पहिल्या दिवसापासून रिजेक्ट.

*५.६ एचएसटीएस.* तुमची साइट फक्त एचटीटीपीएसवरच उघडायची असं ब्राउझरला बजावणारी ही सूचना सगळ्यात शेवटी. आधी कालावधी थोडा ठेवा, सर्व सबडोमेनवर एचटीटीपीएस चालतंय याची खात्री करा, मग वाढवा. ब्राउझरमध्ये आधीच भरून येणाऱ्या अशा साइटींच्या प्रीलोड यादीत जायची घाई करू नका, त्यातून बाहेर यायला महिने लागतात.

टप्पा ६: मिळतीजुळती नावं

मराठी नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना पन्नास वाटा फुटतात. सावंतवाडीला डब्ल्यू की व्ही, बागेला एक ए की दोन, हापूसला यू की दोन ओ. सगळी स्पेलिंगं विकत घेत बसाल तर दरवर्षी नूतनीकरणातच बुडाल. कोऱ्या कागदावर पाच गिऱ्हाइकांना तुमचा पत्ता ऐकवून लिहायला सांगा. ज्या एक-दोन चुका पुन्हा पुन्हा होतात तेवढ्याच घ्या आणि मुख्य पत्त्याकडे वळवा. डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही घ्या. देवनागरीत पत्ता हवा असेल तर डॉट भारत आहे, पण ते जोडीला ठेवा. परदेशातलं गिऱ्हाईक ते टाइप कसं करणार?

बाकीच्यांवर नजर ठेवा. सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या, म्हणजे दिल्या गेलेल्या सर्टिफिकेटांच्या, खुल्या नोंदींत आपलं नाव महिन्यातून एकदा, मोसमात आठवड्याला शोधा. तुमचं नाव घुसवलेलं नवं सर्टिफिकेट तिथे दिसतं, बऱ्याचदा पहिलं गिऱ्हाईक फसण्याआधी.

खोटी साइट सापडली तर: आधी पत्त्याच्या पट्टीसकट स्क्रीनशॉट घ्या, मग तिच्या रजिस्ट्रारच्या आणि होस्टिंगच्या तक्रार-पत्त्यावर मेल करा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. १९३० ला उशीर करू नका, रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवायची असते. नावच परत हवं असेल तर डोमेनचे तंटे सोडवणाऱ्या प्रक्रिया आहेत: डॉट इनसाठी आयएनडीआरपी आणि डॉट कॉमसाठी यूडीआरपी. यूडीआरपीसाठी वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एक ते पाच नावांसाठी, एका पंचासमोर, १,५०० डॉलर फी आहे. म्हणून हे हत्यार फक्त खरोखर त्रास देणाऱ्या नावासाठी काढा.

टप्पा ७: पेटीवर काय छापायचं

पेटीवर, कार्डावर, रिक्षाच्या मागच्या जाहिरातीवर एकच पत्ता द्या. ‘पैसे फक्त या पत्त्यावरच्या पानावरून’ ही ओळ त्याखाली आणि यूपीआयवर दिसणारं फर्मचं नाव जसंच्या तसं. गिऱ्हाइकाला पडद्यावर दुसरं नाव दिसलं तर त्याने थांबावं, म्हणून.

क्यूआर फुकट बनवून देणाऱ्या सेवांचा वापर करताना बघा की कोड थेट तुमच्या पत्त्याचा आहे की त्या सेवेमार्गे फिरून येतो. फिरून येणारा कोड त्यांची चाचणी मुदत संपली की बंद पडतो, किंवा भलत्याच पानावर नेतो, आणि तोवर हजारो खोके छापून झालेले असतात. छपाईला देण्याआधी नमुना प्रत दोन वेगळ्या कंपन्यांच्या फोनवर स्कॅन करा, उघडलेला पत्ता उजवीकडून डावीकडे वाचा आणि मगच प्रेसला होकार कळवा.